संरचनात्मक भूविज्ञानाचा इतिहास

भूकवचातील खडकांना पडलेल्या घड्या, त्यांना गेलेल्या भेगा आणि भेगांवरून झालेले त्यांचे सरकणे यांचे आकार, क्रम व कारणे यांचा अभ्यास करणाऱ्या भूविज्ञानाच्या शाखेला संरचनात्मक भूविज्ञान म्हणतात. खडक निर्माण झाला तेव्हा त्याची मांडणी कशी होती, ती पुढे कोणत्या प्रेरणांमुळे व किती बदलली, हा या शाखेचा मुख्य प्रश्न होय. खडकाचा आकार व मांडणी यांत होणाऱ्या अशा बदलास विरूपण असे म्हणतात. विद्यापीठांतील भूविज्ञानाच्या अभ्यासक्रमात या विषयाला आज मध्यवर्ती स्थान आहे. खनिजांचे साठे, खनिज तेल व भूजल यांचा शोध, धरणे व बोगदे यांच्या जागांची निवड, तसेच भूकंपांचा अभ्यास यांसाठी त्याचा उपयोग होतो. मात्र घन व कठीण खडक वाकू शकतो, वाहू शकतो आणि कित्येक किलोमीटर दूर सरकू शकतो, ही गोष्ट विद्वानांच्या गळी उतरण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला.

प्रारंभिक कल्पना : या विषयाचा पाया डॅनिश वैज्ञानिक नीकोलस स्टेनो (१६३८–१६८६) यांनी घातला, असे मानतात. इटलीतील टस्कनी प्रदेशातील खडकांचे निरीक्षण करून १६६९ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, गाळाचे थर मुळात आडवे साचतात. म्हणून जेथे ते कललेले वा उभे दिसतात, तेथे ते साचल्यानंतर त्यांची मांडणी बिघडलेली असली पाहिजे. तसेच थरांच्या रचनेत काही बिघाड झालेला नसेल, तर खालचा थर जुना व वरचा नवा असतो. हे दोन साधे नियम पुढील सर्व विवेचनाचा आधार ठरले. त्यांपैकी दुसऱ्या नियमातील ‘बिघाड झालेला नसेल, तर’ ही अट मात्र पुढे कित्येक निष्णात निरीक्षकांच्या नजरेआड झाली.

स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन (१७२६–१७९७) यांनी १७८८ मध्ये जॉन प्लेफेअर व सर जेम्स हॉल यांच्यासह सिकार पॉइंट हे समुद्रकाठचे स्थळ पाहिले. तेथे ग्रेवॅक या खडकाचे जवळजवळ उभे थर असून त्यांच्या झिजलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थोडेसे कललेले थर विसावलेले आहेत. खालचे थर साचणे, ते उभे होणे, त्यांची झीज होणे व त्यांच्यावर नवे थर साचणे एवढ्या घटनांना अतिशय दीर्घ काळ लागला असला पाहिजे, हे हटन यांनी ओळखले. या दोन खडकसमूहांच्या वयांत सु. ६·५ कोटी वर्षांचे अंतर आहे, असे आता समजले आहे.

या भेटीत सहभागी असलेल्या हॉल यांनी (१७६१–१८३२) पुढे खडकांच्या घड्यांविषयी प्रयोग केले. कापडाचे तुकडे एकावर एक रचून त्यांवर त्यांनी एक दार आडवे ठेवले, दारावर वजने ठेवली आणि दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकून थर आत ढकलले. तेव्हा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दिसतात तशाच घड्या कापडांना पडल्या. १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांमुळे दोन गोष्टी पुढे आल्या. घड्या पडण्यासाठी आडव्या दिशेने दाब लागतो, आणि पर्वतात घडलेली क्रिया प्रयोगशाळेत लहान प्रमाणावर पाहता येते.

पाटन व विकृती : विरूपणाच्या खुणा खडकाच्या लहानशा तुकड्यातही आढळतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसून आले. पाटीचा दगड ज्या पातळ पत्र्यांत फुटतो, ती त्याची पाटनाची प्रतले मूळ थरांना समांतर असतातच असे नाही, हे ॲडम सेज्विक यांनी १८३५ मध्ये दाखविले. डॅनिएल शार्प यांनी १८४७ मध्ये अशा खडकांतील शिंपल्यांचे जीवाश्म एका दिशेने चेपलेले असतात, याकडे लक्ष वेधले. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी (१८२६–१९०८) यांनी खडकाचे पारदर्शक होतील इतके पातळ छेद करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अभ्रकाचे कण दाबाच्या दिशेशी काटकोनात वळलेले असल्याने दगड पत्र्यांत फुटतो, असे त्यांनी १८५३ मध्ये मांडले आणि लोहाच्या ऑक्साइडाचे चपटे कण मिसळलेली माती दाबून त्याची प्रचीती दिली. ज्याचा मूळ आकार माहीत आहे अशा वस्तूचा आजचा आकार मोजून विकृतीचे म्हणजे आकारबदलाचे प्रमाण काढावयाचे, ही या विषयातील आजही वापरात असलेली पद्धत येथून सुरू झाली.

ग्लॅरसचे कोडे : स्वित्झर्लंडमधील ग्लॅरस परगण्यात पर्वतशिखरांच्या कड्यांवर एक ठळक रेषा कित्येक किलोमीटरपर्यंत दिसते. तिच्या वरचे खडक सु. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे, तर खालचे खडक सु. ३·५ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे जुना खडक वर व नवा खाली, असा उलटा क्रम येथे आढळतो. झुरिक येथील प्राध्यापक आर्नोल्ट एशर फोन डर लिंट (१८०७–१८७२) यांना ही गोष्ट परिचित होती. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर रॉडरिक मर्चिसन (१७९२–१८७१) यांना त्यांनी हे स्थळ दाखविले, तेव्हा जुने खडक नव्या खडकांवर ढकलले गेले आहेत, हे मर्चिसन यांना पटले व १८४९ मध्ये त्यांनी तसे लिहिलेही. एशर यांना मात्र हे उघडपणे मांडण्याचे धैर्य झाले नाही. असे छापल्यास लोक आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, असे ते म्हणत, असे सांगतात. त्याऐवजी त्यांनी उत्तरेकडून व दक्षिणेकडून एकमेकींकडे झुकलेल्या दोन प्रचंड आडव्या घड्यांची कल्पना पुढे केली.

एशर यांचे शिष्य आल्बर्ट हाइम (१८४९–१९३७) यांनी पर्वतनिर्मितीच्या यंत्रणेवरील १८७८ च्या आपल्या ग्रंथात याच दुहेरी घडीचा पुरस्कार केला. खडकांच्या घड्यांची अचूक चित्रे व सूक्ष्म निरीक्षणे यांमुळे हा ग्रंथ प्रमाणभूत मानला गेला आणि त्याबरोबर दुहेरी घडीची कल्पनाही रूढ झाली. १८८४ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक मार्सेल बेर्ट्रां (१८४७–१९०७) यांनी ग्लॅरसला न जाता, हाइम यांच्याच वर्णनांचा आधार घेऊन वेगळा निष्कर्ष काढला. उत्तर फ्रान्स व बेल्जियम येथील कोळशाच्या क्षेत्रात त्यांना अशीच रचना परिचित होती. दोन घड्यांची गरज नसून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकलेल्या एकाच खडकचादरीने सर्व निरीक्षणांचा उलगडा होतो, असे त्यांनी दाखविले. अशा दूरवर सरकलेल्या चादरीस पुढे नॅप हे नाव रूढ झाले. हाइम यांनी हा अर्थ १९०२ च्या सुमारास जाहीरपणे मान्य केला. सुमारे पंचवीस वर्षे समर्थन केलेले मत त्यांनी हयातीतच सोडून दिले, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात विशेष उल्लेखनीय होय. या चादरीचे सरकणे किमान ३५ किमी. असावे, असे मानतात. २००८ मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला.

स्कॉटिश हायलँड्‌समधील वाद : ग्लॅरसमध्ये जे मर्चिसन यांनी ओळखले, ते स्वदेशात मात्र त्यांनी नाकारले. स्कॉटलंडच्या वायव्य भागात चुनखडकाच्या थरांवर पूर्वेकडे कललेले सुभाजा (शिस्ट) हे रूपांतरित खडक आढळतात. १८५४ मध्ये ड्यूर्नेस येथील चुनखडकात जीवाश्म मिळाले. त्यांवरून मर्चिसन यांनी चुनखडक सिल्युरियन काळातील ठरविला आणि सुभाजा त्याच्यावर असल्यामुळे त्या अधिक नव्या आहेत, असा निष्कर्ष काढला. सिल्युरियन हे नाव त्यांनीच दिलेले असल्यामुळे त्या कालखंडाचा विस्तार होण्यात त्यांना विशेष स्वारस्य होते. १८५५ पासून ते ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक होते.

ॲबर्डीन विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स निकोल (१८१०–१८७९) यांनी आरंभी मर्चिसन यांच्यासमवेत या भागाचा दौरा केला होता. पुढे पुन्हापुन्हा पाहणी केल्यावर त्यांची खात्री झाली की, चुनखडक व सुभाजा यांच्यामध्ये विभंग आहे. म्हणजे तेथे खडक भंगून सरकले आहेत. त्यामुळे थरांचा क्रम वरवर सलग दिसत असला, तरी तो सलग नाही. १८६० च्या सुमारास त्यांनी हे मत मांडले. परंतु मर्चिसन व त्यांचे सहकारी आर्चिबॉल्ड गीकी (१८३५–१९२४) यांच्या अधिकारापुढे ते टिकले नाही. निकोल यांचे मत मान्य होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

या प्रश्नाची उकल चार्ल्स लॅपवर्थ (१८४२–१९२०) यांनी केली. शाळेत शिक्षक असतानाच त्यांनी भूविज्ञानाचा अभ्यास केला होता व १८८१ पासून ते बर्मिंगहॅम येथील मेसन कॉलेजात प्राध्यापक होते. १८८२ व १८८३ च्या उन्हाळ्यांत त्यांनी ड्यूर्नेस–एरिबॉल भागाचा मोठ्या प्रमाणावरील नकाशा तयार केला. ओळखता येण्याजोगा प्रत्येक पातळ थर त्यांनी पायी चालून नकाशावर उतरविला. तेव्हा तेच तेच थर पुन्हापुन्हा एकमेकांवर रचले गेल्याचे आणि पूर्वेकडील जुने खडक त्या सर्वांवर सरकून आल्याचे स्पष्ट झाले. हे काम चालू असताना त्यांची प्रकृती ढासळली. तो प्रचंड खडक आपल्याच अंगावरून सरकत आहे, असा भास त्यांना आजारपणात रात्री होत असे, असे सांगितले जाते. सरकण्याच्या प्रतलापाशी आढळणाऱ्या बारीक कणांच्या पट्टेदार खडकाला त्यांनी १८८५ मध्ये मायलोनाइट हे नाव दिले. जाते वा गिरणी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आलेले असून खडक जात्यात दळावा तसा भरडला गेला, अशी त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात हा खडक मुख्यतः स्फटिकांचे तन्य (न तुटता होणारे) विरूपण व पुनःस्फटिकीभवन यांमुळे बनतो, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. नाव मात्र तेच राहिले.

दरम्यान सर्वेक्षणाचे प्रमुख झालेल्या गीकी यांनी १८८३ मध्ये बेंजामिन पीच (१८४२–१९२६) व जॉन हॉर्न (१८४८–१९२८) यांना या भागात पाठविले. त्यांच्याही नकाशांवरून मर्चिसन यांचे मत चुकीचे ठरले. १८८४ मध्ये गीकी यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली आणि अल्प कोनात कललेल्या अशा सरकप्रतलांना ‘थ्रस्ट’ ही संज्ञा वापरली. मराठीत त्यांना क्षेप विभंग म्हणता येईल. पीच, हॉर्न व त्यांचे सहकारी यांचा सविस्तर वृत्तांत १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या सुभाजा मर्चिसन यांनी चुनखडकाहून नव्या मानल्या होत्या, त्या वास्तविक त्याहून कित्येक कोटी वर्षांनी जुन्या आहेत आणि हे सरकणे सु. ४३ कोटी वर्षांपूर्वी झाले, असे आता निश्चित झाले आहे. त्याच सर्वेक्षणातील हेन्री कॅडेल यांनी १८८७ मध्ये वाळू, माती व प्लॅस्टर यांचे थर पेटीत घालून एका बाजूने ढकलले आणि हायलँड्‌समधील कौलांसारखी एकावर एक चढलेली रचना हुबेहूब निर्माण केली.

यंत्रणेचा शोध : सरकणे सिद्ध झाले, तरी ते घडते कसे हा प्रश्न उरला. शेकडो मीटर जाड व कित्येक किलोमीटर लांब खडकाची चादर मागून ढकलली, तर तळाच्या घर्षणावर मात करण्यापूर्वीच ती मागच्या टोकाशी चुरडली जाईल, असे गणिताने दिसत होते. अर्न्स्ट मासन अँडरसन (१८७७–१९६०) यांनी १९०५ मध्ये व पुढे १९४२ च्या ग्रंथात विभंगांच्या तीन प्रमुख प्रकारांचा संबंध प्रतिबलांच्या म्हणजे खडकातील अंतर्गत दाबांच्या दिशांशी जोडला. त्यांच्या मते सर्वांत मोठे प्रतिबल उभे असेल, तर सामान्य विभंग, सर्वांत लहान प्रतिबल उभे असेल, तर क्षेप विभंग आणि मधले प्रतिबल उभे असेल, तर आडवे सरकणारा विभंग निर्माण होतो. टेओडोर फोन कार्मान यांनी १९११ मध्ये संगमरवराच्या दंडगोलांवर सर्व बाजूंनी दाब देऊन चाचण्या केल्या. एरवी ठिसूळपणे फुटणारा संगमरवर पुरेशा दाबाखाली न फुटता आकार बदलतो, असे त्यांत आढळले. तापमान व काळ वाढविल्यास ही प्रवृत्ती आणखी वाढते, हे डेव्हिड ग्रिग्झ (१९११–१९७४) यांच्या व इतरांच्या प्रयोगांवरून दिसून आले.

घर्षणाच्या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर एम्. किंग हबर्ट (१९०३–१९८९) व विल्यम रूबी (१८९८–१९७४) यांनी १९५९ मध्ये दिले. खडकांच्या छिद्रांत व भेगांत अडकलेल्या पाण्याचा दाब वाढला की, तो वरच्या खडकाचे वजन अंशतः तोलून धरतो. त्यामुळे सरकप्रतलावरील घर्षण कमी होते व एरवी हलू न शकणारी चादर अल्प प्रेरणेनेही सरकू शकते. पर्वतरचनेच्या एका जुन्या कोड्यासाठी मांडलेला हा विचार लवकरच भूकंपांच्या अभ्यासातही उपयोगी पडला, हे पुढे येईल.

भारतातील अभ्यास : आल्प्स पर्वतात विकसित झालेल्या या कल्पना हिमालयाच्या अभ्यासात वापरण्यात आल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील जी. ई. पिलग्रिम व डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९२८ मध्ये सिमला भागात जुने खडक नव्यांवर सरकून आल्याचे दाखविले. दाराशा नौशेरवान वाडिया (१८८३–१९६९) यांनी १९३१ मध्ये वायव्य हिमालयातील पर्वतरांगांच्या तीव्र वळणाची मीमांसा केली आणि जे. बी. ऑडन यांनी १९३७ मध्ये गढवाल हिमालयाच्या संरचनेचे वर्णन केले. आल्बर्ट हाइम यांचे पुत्र आर्नोल्ट हाइम (१८८२–१९६५) व आउगुस्ट गान्सर (१९१०–२०१२) यांनी १९३६ मध्ये मध्य हिमालयाचा प्रवास केला. तेथे अधिक रूपांतरित खडक कमी रूपांतरित खडकांवर ज्या प्रतलावरून आले आहेत, त्यास त्यांनी १९३९ च्या ग्रंथात मुख्य मध्यवर्ती क्षेप विभंग असे नाव दिले. पित्याने दीर्घकाळ ज्या कल्पनेस विरोध केला होता, तिचा पुत्राने हिमालयात असा विस्तार केला. [→ हिमालय].

महाराष्ट्रातही अशा रचनेचा शोध लागला. वेस्ट (१९०१–१९९४) यांनी १९३६ मध्ये नागपूर जिल्ह्यातील देवलापार परिसरातील अतिप्राचीन खडकांत नॅप ओळखली. हिमालय वा आल्प्सप्रमाणे येथे उंच पर्वत उरलेले नाहीत. ते केव्हाच झिजून गेले असून त्यांची मुळे तेवढी दिसतात. या अभ्यासाला व्यावहारिक बाजूही आहे. नागपूर, भंडारा व बालाघाट या पट्ट्यातील मँगॅनिजाच्या धातुकाचे थर सॉसर गटातील खडकांबरोबरच घड्यांत सापडलेले आहेत. घडीमुळे एकच थर जमिनीवर अनेक ठिकाणी डोके वर काढतो, क्वचित उलटतो व खोलवर जाऊन पुन्हा वळतो. घडीचा अक्ष कोणत्या दिशेला उतरतो हे समजले नाही, तर खाण कोठे खणावी व धातुक किती आहे, याचा अंदाज चुकतो.

विद्यापीठीय अभ्यास : विद्यापीठांतून हा विषय पाठ्यपुस्तकांच्या आधारे पद्धतशीरपणे शिकविला जाऊ लागला. मार्लंड बिलिंग्झ यांचे १९४२ मधील पुस्तक दीर्घकाळ प्रचारात होते. जॉन रॅम्झी (१९३१–२०२१) यांच्या १९६७ मधील ग्रंथाने घड्या व विकृती यांच्या वर्णनाला गणिती रूप दिले. भारतात जादवपूर विद्यापीठातील सुबीरकुमार घोष यांनी विरूपणाच्या प्रतिकृतींवर महत्त्वाचे संशोधन केले. त्यांचे पाठ्यपुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासाचा गाभा मात्र क्षेत्रीय कामाचा राहिला आहे. थर कोणत्या दिशेस व किती अंशांनी कललेला आहे (नती) आणि नतीशी काटकोनात असलेली त्याची आडवी दिशा (नतिलंब) कोणती, हे विद्यार्थी होकायंत्र व नतिमापक यांनी मोजतो, नकाशावर नोंदवितो आणि त्यावरून जमिनीखालच्या रचनेचा उभा छेद काढतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅप या बेसाल्टाच्या जवळजवळ आडव्या थरांनी व्यापलेला असल्याने घड्या पाहण्यासाठी येथील विद्यार्थ्यांना विदर्भाचा पूर्व भाग, दक्षिण कोकण किंवा राज्याबाहेरील प्रदेश येथे जावे लागते. उपग्रहांवरून घेतलेली चित्रे व संगणक यांची आज जोड मिळाली असली, तरी या मोजणीला पर्याय निघालेला नाही. [→ दक्षिण ट्रॅप].

भूकंप व संरचना : आडव्या बेसाल्टामुळे हा प्रदेश अविचल आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसरात झालेल्या ६·३ महत्तेच्या भूकंपाने सु. २०० माणसे दगावली व या समजाला धक्का बसला. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर तेथे भूकंप वाढले होते. जलाशयातील पाण्यामुळे खोलवरच्या भेगांतील दाब वाढून आधीच ताणाखाली असलेले विभंग सरकण्यास चालना मिळते, हे त्याचे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. त्यामागील तत्त्व हबर्ट व रूबी यांनी क्षेप विभंगांसाठी मांडलेलेच होय. २०१७ मध्ये कोयना भागात ३ किमी. खोलीचे वेधनछिद्र पूर्ण करण्यात आले. त्यात सु. १,२५० मी. जाडीच्या बेसाल्टाखाली जुने ग्रॅनाइटी खडक लागले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंप विभागणीत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. बेसाल्टाखालील जुन्या खडकांतील विभंगावर आडव्या दाबामुळे एक बाजू वर चढून हा भूकंप झाला. म्हणजे ग्लॅरस व हायलँड्‌स येथे कोट्यवधी वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर जे घडले, त्याच जातीची हालचाल मराठवाड्याच्या जमिनीखाली काही सेकंदांत झाली. वरचा थर आडवा व अखंड दिसतो म्हणून खालची रचनाही तशीच असेल, हे अनुमान स्कॉटलंडप्रमाणे येथेही चुकीचे ठरले. तेथे त्या चुकीने एका प्राध्यापकाच्या मताची उपेक्षा झाली. येथे रात्री दगडामातीच्या घरांत झोपलेल्या माणसांना तिची किंमत द्यावी लागली. दक्षिण ट्रॅपखाली झाकलेल्या विभंगांचा शोध व त्यांचे नकाशे तयार करणे हे यामुळे महाराष्ट्रातील संरचनात्मक भूविज्ञानापुढील महत्त्वाचे कार्य ठरले आहे.